दुर्मीळतेचा भाव

सीझियम या धातूचा एक ग्रॅम, काचेच्या बंद नळीत भरलेला, २०१८ च्या सुमारास अमेरिकेत साठ-पासष्ट डॉलरना मिळत असे. सोन्याचा ग्रॅम त्या वर्षी चाळीस-एक डॉलरच्या घरात होता. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की ऐकणाऱ्याच्या मनात तिसरे वाक्य आपोआप तयार होते, आणि ते कोणी उच्चारावे लागत नाही. मला ते प्रथम ऐकू आले ते माझ्या भाच्याच्या आवाजात. तो पर्थला असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात चहाच्या टपरीवर क्रिकेटइतक्याच सहजतेने खाणींच्या शेअरवर बोलतात, असे तो सांगतो. (तिथे टपऱ्या नसतात, हे मलाही ठाऊक आहे, उपमा त्याची.) ताई नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती आणि फंडाची रक्कम बँकेत येऊन पडली होती. त्यातला निम्मा भाग एका छोट्या कंपनीत घालावा, असे चिरंजिवांच्या मनात होते.

"मावशी, तू एकदा वाच. आई माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल," असे म्हणून त्याने कंपन्यांची गुंतवणूकदारांसाठीची सादरीकरणे पाठवून दिली. त्या कंपनीचे होतेच, शिवाय तुलनेसाठी आणखी चार-पाच. मराठीची प्राध्यापिका खनिजशास्त्राबद्दल काय सांगणार? पण मजकूर कसा वाचावा एवढेच गेली वीस वर्षे शिकवत आले आहे, आणि हाही मजकूरच होता. मी तो एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचायला घेतला.

या प्रकाराची घडण ठरलेली आहे. आरंभी अगदी बारीक टायपात एक-दोन पाने असतात. त्यांत सांगितलेले असते की पुढील विधाने भविष्याविषयी आहेत आणि त्यांवर विसंबून राहू नये. आपल्या स्तोत्रांत फलश्रुती शेवटी येते, इथे फलश्रुतीचा इन्कार आरंभीच येतो, आणि मग निर्धास्तपणे फळांचे वर्णन सुरू होते. पुढे नकाशा. त्यात आपल्या छोट्याशा चौकोनाच्या आजूबाजूला मोठ्या, गाजलेल्या खाणींची नावे ठळक छापलेली. जणू सधन शेजाऱ्याच्या वाड्याला भिंत लागून आहे म्हणजे आपल्याही घरात धान्याच्या कणग्या असणारच. त्यानंतर जमिनीतून काढलेल्या दगडी दांड्यांची छायाचित्रे, संचालकांचे हसरे चेहरे, आणि धातूच्या उपयोगांचा तक्ता. या तक्त्यात क्रियापदे भविष्यकाळी किंवा संकेतार्थी असतात. वर्तमानकाळ फार जपून वापरलेला दिसतो.

मात्र एका गोष्टीचे मला मनापासून कौतुक वाटले. ऑस्ट्रेलियातील कंपन्यांना जमिनीखालच्या साठ्याविषयी बोलताना 'जॉर्क' नावाची संहिता पाळावी लागते. या संहितेच्या मुळाशी एक मोठा धडा आहे. १९६९ च्या सप्टेंबरात पोसायडन नावाच्या निकेलच्या कंपनीचा शेअर ऐंशी सेंटना होता, १९७० च्या फेब्रुवारीत तो २८० डॉलरवर गेला, आणि मग जे व्हायचे ते झाले. त्यानंतर एक समिती बसली आणि पुढे १९८९ मध्ये पहिली संहिता आली. तिच्यानुसार साठ्याचे तीन वर्ग पडतात. विरळ पुराव्यावरून अनुमान केलेला, अधिक पुराव्याने सूचित होणारा, आणि दाट छिद्रे घेऊन मोजलेला. प्रत्यक्ष आणि अनुमान यांतील भेद न्यायशास्त्राने शिकवला तसा तो इथे सरकारी शिस्तीने शिकवला जातो. 'आहे', 'असावा' आणि 'असेल' यांत घोळ घालणाऱ्याला दंड होऊ शकतो, ही कल्पना भाषेच्या शिक्षकाला सुखावणारी आहे.

भाच्याच्या मनातली कंपनी होती पायोनियर रिसोर्सेस. पश्चिम ऑस्ट्रेलियात नॉर्समन नावाचे खाणगाव आहे. १८९४ मध्ये लॉरी सिंक्लेअर नावाच्या माणसाच्या 'नॉर्समन' नावाच्या घोड्याने टाप आपटून सोन्याचा गोळा उकरून काढला, अशी तिथली आख्यायिका. त्या गावाच्या उत्तरेकडील टापूत या कंपनीला २०१६ मध्ये पोल्युसाइट सापडले. सीझियमचे महत्त्वाचे खनिज हेच. तिथे जी खाण झाली तिचे नावही सिंक्लेअरच, आणि ती ऑस्ट्रेलियातील सीझियमची पहिली खाण. साठा होता सुमारे १०,५०० टन, त्यात सीझियम ऑक्साइड सतरा टक्क्यांच्या आसपास, आणि तो 'मोजलेल्या' वर्गातला. म्हणजे इथे थापेबाजी नव्हती. धातू होता, तिथेच होता, आणि सांगितला तेवढा होता. मला जे म्हणायचे आहे ते या प्रामाणिकपणामुळेच म्हणता येते, कारण खोट्याविरुद्ध सावध करणे सोपे असते.

भाच्याने फोनवर हिशेब मांडला तो असा. १०,५०० टनांत शुद्ध सीझियम साधारण १,७०० टन. ग्रॅमला साठ डॉलर धरले तर होतात दहा हजार कोटी डॉलर. आणि कंपनीची शेअरबाजारातली सारी किंमत अवघी काही कोटी डॉलर. त्रैराशिकात चूक नव्हती. काचेच्या नळीतला भाव आणि जमिनीतला साठा यांचा गुणाकार कोणालाही करता येतो. करता येतो म्हणूनच तो घातक आहे. अमेरिकेसारख्या देशाचा सीझियमचा वार्षिक वापर तेथील भूगर्भ सर्वेक्षण खाते काही हजार किलो एवढाच सांगते. म्हणजे ग्रॅमभर नळीच्या दराने माल खपवायचा तर तो खड्डा शतकानुशतके पुरला असता. साठ डॉलर ही नळीची, शुद्धीकरणाची, पॅकिंगची, आणि एखाद्या प्रयोगशाळेला वर्षातून एकदा लागणाऱ्या निकडीची किंमत होती. केवड्याच्या अत्तराच्या कुपीवरून केवड्याच्या बनाचे मोल कोणी करत नाही.

'दुर्मीळ' या शब्दात आपण दोन अर्थ एकत्र बांधून ठेवले आहेत. जे थोडे आहे ते, आणि ज्याची ओढ आहे ते. दुर्मीळ ग्रंथ, दुर्मीळ योग म्हणताना दोन्ही अर्थ एकदम येतात आणि ते बरेच असते. बाजारात मात्र त्यांना सोडवून पाहावे लागते. थोडे असूनही कोणाला नको असलेले पुष्कळ असते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलेल्या कोणालाही हे कळेल.

सीझियमच्या इतिहासातच ही गुंतागुंत पहिल्यापासून आहे. १८४६ मध्ये ब्राइटहाउप्ट या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने इटलीच्या एल्बा बेटावरची, नेहमी जोडीने सापडणारी दोन खनिजे वर्णन केली आणि ग्रीक पुराणातल्या जुळ्या भावांवरून त्यांना कॅस्टर व पोल्लक्स अशी नावे दिली. पोल्लक्सचे रासायनिक पृथक्करण प्लाट्नर याने केले. सगळे घटक मोजून बेरीज केली तर ती शंभर टक्क्यांच्या बरीच अलीकडे, त्र्याण्णवाच्या आसपास येऊन थांबली. नमुना संपला होता. त्याने आकडे होते तसे प्रसिद्ध केले आणि तो १८५८ मध्ये वारला. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ड्युर्कहाइमच्या झऱ्याचे चाळीस टनांच्या आसपास खनिजपाणी आटवले, आणि त्यांच्या वर्णपटदर्शकात दोन अनोळखी निळ्या रेषा उमटल्या. आकाशी निळ्यासाठीच्या लॅटिन शब्दावरून सीझियम हे नाव आले. इतक्या पाण्यातून हाती आलेला क्षार सात ग्रॅमच्या आसपास. पुढल्या वर्षी लेपिडोलाइट या खनिजातून रुबिडियम सापडले. त्याचे नाव त्याच्या गडद लाल रेषांवरून. मग १८६४ मध्ये पिसानीने पोल्लक्सचे पृथक्करण नव्याने केले तेव्हा कळले की प्लाट्नरने पोटॅशियम आणि सोडियम समजून जे मोजले होते, ते जड सीझियम होते. तूट त्याच्या हातून झाली नव्हती. ज्याला नावच नव्हते ते मोजायचे कसे? आकडे जुळवून न घेता तुटीसकट छापणाऱ्या त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. सादरीकरणांत तशी एखादी उरलेली तूट कुठे दिसते का, ते मी शोधत होते.

ती दिसली गिऱ्हाइकाच्या रकान्यात.

अल्कली धातूंच्या कुळातला हा भाऊ अतिशय तापट. अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर वितळतो, म्हणजे आपल्या विदर्भात मार्चमध्येच पाणी होईल; आणि खऱ्या पाण्याशी गाठ पडली तर स्फोट. त्यामुळे धातूच्या रूपात तो फारच थोड्यांना हवा असतो. त्याची कीर्ती आहे ती घड्याळामुळे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियमच्या अणूवर उभी आहे. त्याच्या विशिष्ट प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तने म्हणजे एक सेकंद. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत भारतीय प्रमाणवेळ सांभाळतात तीही सीझियमच्या घड्याळांवर. रुबिडियमची घड्याळे उपग्रहांत असतात. आपल्या दिशादर्शक उपग्रहमालिकेतल्या पहिल्या उपग्रहाची तीनही आयात रुबिडियम घड्याळे बंद पडल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले, आणि २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या उपग्रहात प्रथमच स्वदेशी रुबिडियम घड्याळ गेले. देशाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट. पण त्या घड्याळाला लागणारे रुबिडियम तोलायला सोनाराचा काटाही ढोबळ ठरेल. रुबिडियमसाठी म्हणून जगात खाण चालत नाही. ते दुसऱ्या खनिजांच्या मागोमाग येते. सादरीकरणांतल्या तक्त्यात मात्र अणुघड्याळ सर्वांत वर असते, कारण ते सर्वांत सुंदर आहे.

सीझियमचा टनांच्या हिशेबात खप होतो तो वेगळ्याच ठिकाणी. समुद्राखालच्या अतितप्त, अतिदाबाच्या तेलविहिरी खोदताना विहिरीत जड द्रव भरून ठेवावा लागतो, नाहीतर आतला वायू उसळून वर येतो. सीझियम फॉर्मेटचे द्रावण पाण्याच्या २.३ पट जड करता येते आणि त्यात घन कण नसतात. १९९९ पासून उत्तर समुद्रातल्या विहिरींत ते वापरले गेले. आता यातली खरी गंमत अशी, की हे द्रावण तेलकंपन्या विकत घेतच नव्हत्या. ते भाड्याने मिळे. काम झाले की परत करायचे, जितके हरवले त्याचे पैसे भरायचे. सुमारे ८५ टक्के द्रावण परत येऊन पुन्हा वापरले जाते, असे नोंदले गेले आहे. लग्नकार्यातल्या भाड्याच्या पातेल्यांसारखा हा व्यवहार. पातेली भाड्याने देणारा सुस्थितीत असतो. त्याला तांबे विकणाऱ्याचे काय? पातेली झिजतील तेवढेच तांबे त्याला नवे लागणार.

आणि हा पातेलीवाला जगात जवळजवळ एकच होता. अमेरिकेतील कॅबॉट कंपनी. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात बर्निक सरोवराच्या तळाखाली टँको ही तिची खाण. जगातील सर्वांत मोठ्या ज्ञात पोल्युसाइट साठ्यांपैकी एक. डोक्यावर सरोवर आणि छतातून खडक निखळू लागलेले, यामुळे २०१० च्या दशकात तेथील खोदकाम थांबले. सिंक्लेअरच्या खनिजाची गरज कॅबॉटला पडली ती या पार्श्वभूमीवर, आणि माल गेला तोही कॅबॉटकडेच. आपल्याकडे उसाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. ऊस उत्तम असो, वजन चोख असो. आवाक्यात कारखाना एकच असेल तर भाव कुठे ठरतो हे त्याला पाठ असते. पोल्युसाइट उसासारखे वाळत नाही, तेवढाच फरक.

२०१८ मध्ये सिंक्लेअरचे खोदकाम सुरू झाले आणि २०१९ च्या आरंभी आटोपलेही. एका खाणीचे सारे आयुष्य काही महिन्यांचे. मी हे सारे भाच्याला एका रविवारी फोनवर सांगितले. कंपनी खोटी आहे असे म्हटले नाही, कारण ती नव्हती. म्हटले एवढेच, की हा एकदाच निघणाऱ्या पिकाचा, एकाच गिऱ्हाइकाचा धंदा आहे. तिथे तुझे पैसे घालणे ही हौस झाली, ताईचे घालणे ही हौस नव्हे. तो चिडला. "तू फक्त शब्द बघतेस, आकडे बघत नाहीस," म्हणाला. ताईचे पैसे पोस्टात गेले, ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत. त्याने स्वतःचे थोडे घातले.

पुढे जे घडले त्याने आमच्या वादाचा निकाल लावण्याऐवजी तो अधिक मजेदार केला. २०१९ मध्येच कॅबॉटने टँकोसकट सीझियमचा सगळा धंदा सुमारे १३ कोटी डॉलरना चीनच्या सिनोमाइनला विकून टाकला. म्हणजे एकुलते गिऱ्हाईकच दुसऱ्याच्या घरी गेले. दहा हजार कोटींचा तो गुणाकार आठवावा, आणि जगातला सीझियमचा सर्वांत जमलेला धंदा, खाण, कारखाना, साठा आणि गिऱ्हाइकांसकट, १३ कोटींना गेला हे त्याच्या शेजारी ठेवावे. यापेक्षा स्पष्ट टीप मला त्या हिशेबाखाली लिहिता आली नसती.

इकडे पायोनियरने २०२० मध्ये नाव बदलून इसेन्शियल मेटल्स असे केले, आणि मग आली लिथियमची लाट. सीझियम ज्या खडकात असते त्याच जातीच्या खडकांत लिथियमही असते, आणि या कंपनीच्या त्याच परिसरातील जमिनीत ते भरपूर निघाले. जानेवारी २०२३ मध्ये एका लिथियमवाल्या भागीदारीने शेअरला पन्नास सेंट, म्हणजे एकूण सुमारे साडेतेरा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. एप्रिलमध्ये भागधारकांच्या मतदानात तो प्रस्ताव बारगळला, आणि त्याच वर्षी डेव्हलप ग्लोबल या कंपनीने शेअरच्या बदल्यात शेअर देऊन ती घेतली. मोल झाले ते लिथियमचे. सीझियमचे नावही त्या बातम्यांत मुश्किलीने आढळे.

भाचा तेव्हापासून म्हणतो, "मावशी, माझंच बरोबर होतं." पैसे त्याचे सुटले, थोडे वाढलेही, हे खरे. पण त्याने मला पटवले होते ते सीझियमवर, आणि हात दिला लिथियमने. परीक्षेत उत्तर बरोबर आणि रीत चूक असली तर आम्ही पूर्ण गुण देत नाही. आज तीच कागदपत्रे आणि ताईची तीच रक्कम समोर ठेवली तर मी पुन्हा तेच सांगेन. ताई या विषयावर बोलत नाही. त्या तीन महिन्यांच्या व्याजात तिने गेल्या वर्षी चष्मा बदलला एवढे मात्र ती मला मुद्दाम कळवते, आणि त्यातला सूर मला अजून नीट लावता आलेला नाही.

ब्राइटहाउप्टची ती जोडी या सगळ्यात मला पुन्हा पुन्हा आठवते. त्याचे पोल्लक्स म्हणजे पोल्युसाइट, सीझियमचे. आणि कॅस्टर म्हणजे ज्याला पेटालाइट म्हणतात ते, लिथियमचे. पुराणात या भावांपैकी एक मर्त्य आणि एक अमर होता, आणि त्यांनी आळीपाळीने जगण्याचे ठरवले. आकाशात हेच दोन तारे मिथुन राशीत आहेत, आणि आपण त्यांना पुनर्वसू म्हणतो. वसू म्हणजे धन, पुन्हा धन. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात शेअरबाजार नसणार हे उघड आहे.

दरम्यान मजकुराचा प्रकार बदलू लागला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेने पस्तीस अत्यावश्यक खनिजांची यादी काढली, तिच्यात सीझियम आणि रुबिडियम दोन्ही होते; २०२२ च्या पन्नासांच्या यादीतही आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅनडाच्या सरकारने सिनोमाइनच्या कंपनीला पॉवर मेटल्स या छोट्या कॅनेडियन कंपनीतील आपला वाटा सोडण्याचा आदेश दिला. तिच्याकडे ऑन्टारिओत सीझियम असलेली जमीन आहे. टँको मात्र त्या आदेशाच्या बाहेर राहिली. त्याच २०२२ मध्ये सिनोमाइनने झिंबाब्वेतली बिकिटा ही जुनी खाणही घेतली होती. त्यामुळे आता सादरीकरणांत अणुघड्याळाच्याही वर सरकारी यादीचा उल्लेख येतो, आणि 'दुर्मीळ' हा शब्द मागे पडून 'अत्यावश्यक' पुढे आला आहे. गिऱ्हाइकाच्या रकान्यात अजूनही फार नावे नाहीत. फक्त तिथे आता दुकानांऐवजी देशांची नावे लिहिण्याची सोय झाली आहे, आणि देश उधारीवर कसे वागतात हे वेगळे वाचावे लागेल.